कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पडद्यावरच्या अभिनयाविषयी पुण्यातून आलेल्या पत्रांपैकी आठ इथे घेतली आहेत. उत्तरं द्यायला कास्टिंग, दिग्दर्शन आणि हिशेब अशा तिन्ही बाजूंची माणसं बसली होती. जवळपास प्रत्येक पत्रात एक प्रश्न आडून आडून होताच : पुण्यात राहून हे जमेल का? सरावाचं आणि तयारीचं बहुतेक काम पुण्यात होतं आणि ते इथेच नीट करून घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. मुंबईला जायचं ते बोलावणं आल्यावर.

प्रश्न : मी तृतीय वर्षाला आहे. दोन वर्षं पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत काम केलं, अभिनयाचं बक्षीसही मिळालं. मालिकेच्या पहिल्याच ऑडिशनला मात्र ‘नाटकी वाटतंय, कमी करा’ असं सांगितलं. कमी केलं तर म्हणाले, ‘आता काहीच दिसत नाही.’ नेमकं काय कमी करायचं?
— विद्यार्थिनी, कर्वे रस्ता

उत्तर : ‘कमी करा’ ही सूचना अर्धवट आहे, आणि ती ऐकून बहुतेक जण नको तेच कमी करतात. भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं असतं. त्यामुळे मनातला विचार मान, खांदे, हात आणि आवाजाची फेक यांतून बाहेर काढायची सवय लागते. कॅमेरा त्या शेवटच्या माणसाला उचलून तुमच्यापासून हातभर अंतरावर बसवतो. कमी करायची ती फेक. विचाराची तीव्रता तेवढीच ठेवायची. तुम्ही दुसऱ्यांदा फेकीबरोबर विचारही काढून टाकला असणार, म्हणून काहीच दिसलं नाही.

किती कमी करायचं, हे फ्रेम ठरवते. ऑडिशनला उभं राहिल्यावर ‘फ्रेम काय आहे?’ असं खुशाल विचारा. यात अगोचरपणा काही नाही. काम माहीत असलेला माणूस हे विचारतोच. पूर्ण देह दिसत असेल तर हातवारे चालतात. कमरेपासून वर असेल तर हात छातीच्या आसपास यावे लागतात, नाहीतर फ्रेमच्या कडेला नुसती बोटं नाचताना दिसतात. क्लोजअपमध्ये मान दोन इंच पुढे आली तरी चेहरा धूसर होऊ शकतो, आणि प्रत्येक शब्दाला भुवई उडाली तर प्रेक्षक शब्द सोडून भुवईच बघतो.

घरी करायचा सराव असा. चार वाक्यांचा एक तुकडा घ्या. मोबाईल स्टँडवर लावा आणि तोच तुकडा तीन वेळा चित्रित करा : पूर्ण देह, कमरेपासून वर, फक्त चेहरा. मग आधी आवाज बंद करून तिन्ही पाहा. कुठे काय चाललंय हे शब्दांशिवाय कळायला हवं. नंतर चित्राकडे न बघता नुसतं ऐका; संवाद समोरच्या माणसाशी बोलल्यासारखा वाटतो की सभागृहाशी, ते लगेच कळतं. आठवड्यातून चार दिवस, रोज अर्धा तास केलं तर महिन्या-दीड महिन्यात फरक दिसतो. चौथा तुकडा ऐकण्याचा घ्या : दुसऱ्याला बोलायला लावायचं, कॅमेरा मात्र तुमच्यावर. मालिकांमध्ये निम्मा वेळ तुम्ही ऐकत असता, आणि नाटकातून आलेली मुलं तिथेच उघडी पडतात. आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघताना दिसतात.

आणखी दोन गोष्टी नाटकात लागत नाहीत आणि सेटवर पहिल्या दिवसापासून लागतात. एक, कंटिन्युटी. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसणाऱ्या शॉटमध्ये, ‘आई’ या शब्दाला कप उचलला असेल तर सजेशनमध्ये (समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये) आणि क्लोजअपमध्येही त्याच शब्दाला, त्याच हाताने उचलायचा. नाहीतर संकलकाला तुमचा सगळ्यात चांगला क्लोजअप कापून टाकावा लागतो. म्हणून मास्टरमध्येच हातातलं काम थोडं आणि लक्षात राहील असं ठेवा. दोन, मार्क. जमिनीवर चिकटवलेल्या टेपवर खाली न बघता येऊन थांबायचं असतं. सोपा उपाय असा की आधी मार्कवर उभं राहायचं, वाक्य म्हणत उलट्या पावलांनी मागे जायचं आणि जिथे वाक्य संपेल तिथून सुरुवात करायची. पावलं आपोआप जुळतात.

सराव पडद्यापर्यंत न्यायचा असेल तर विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेत आणि शहरातल्या माध्यम शिकवणाऱ्या इतर संस्थांत विद्यार्थ्यांच्या लघुपटांना नट लागतात. पैसे थोडे किंवा नाहीतच, पण खरा प्रकाश, खरा फोकस आणि शिस्तीची कॉलशीट (कुणी कधी सेटवर यायचं याचं वेळापत्रक) मिळते. काम करण्याआधीच ‘माझ्या प्रसंगांची क्लिप मला मिळेल ना?’ हे लेखी, निदान व्हॉट्सॲपवर तरी विचारून ठेवा. नंतर मागत बसलं की वर्ष जातं.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करतो. गेल्या सात महिन्यांत पंचवीस-तीस सेल्फ टेप (घरीच चित्रित केलेल्या ऑडिशन) पाठवल्या, एकालाही उत्तर नाही. वाकडला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, रात्री आठनंतरच वेळ मिळतो. माझ्या टेपमध्ये काय चुकत असेल?
— वाचक, वाकड

उत्तर : आधी एक समजून घ्या. नकार कळवण्याची पद्धत या धंद्यात नाही. उत्तर न येणं हेच उत्तर असतं, आणि त्यातले बरेच नकार चेहरा, उंची, वय किंवा नायिकेशेजारी जोडी कशी दिसते यावर ठरतात. त्यात तुमच्या हातात काही नसतं. जे हातात आहे तेवढं बघू.

रात्री आठनंतर चित्रण करता म्हणजे प्रकाश ट्यूबचा किंवा एलईडीचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, मोबाईलला कळतं. सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांवर, चित्रण केलं की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला कमी-जास्त प्रकाश येतो आणि चेहऱ्यावरून पट्टे सरकत राहतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे एका फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ, एक पन्नासांश सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन लुकलुकी मिळतात आणि पट्टे जातात. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या कॅमेरा विभागात ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ चा पर्याय दिसतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तो प्रो व्हिडिओ मोडमध्ये सापडतो. डोक्यावरची ट्यूब बंद करा, कारण तिने डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात. दिवा समोरून, जरा बाजूला आणि डोळ्यांपेक्षा थोडा वर ठेवा, पुढे पांढरा पातळ कपडा धरा. दुसऱ्या बाजूला चेहरा काळा पडत असेल तर पांढऱ्या थर्माकोलची शीट उभी करा. सेटवरही हेच करतात. शनिवार-रविवार मोकळा असेल तर हे सगळं सोडा आणि खिडकीच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून चित्रण करा. त्याहून चांगला प्रकाश विकत मिळत नाही.

मोबाईल आडवा, मागचा कॅमेरा, उंची डोळ्यांच्या रेषेत. फोन अगदी जवळ ठेवलात तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दीड-दोन मीटर मागे नेऊन दुप्पट झूमचं भिंग वापरा. फ्रेम छातीपासून वर, डोक्यावर चार बोटं जागा. मागे एकरंगी भिंत हवी. कपाट, देवघर, वाळत घातलेले कपडे यांतलं काही नको. शर्ट भिंतीच्या रंगाचा नको, बारीक रेघांचाही नको. कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरतात.

आवाजाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि टेप अर्ध्यात बंद होते ती बहुतेकदा त्यामुळेच. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. समोरच्या भिंतीवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे, दोन जाड गोधड्या टांगा, पंखा बंद ठेवा आणि फ्रिज दहा मिनिटं बंद केला तरी काही बिघडत नाही. तारेचा साधा कॉलर माइक हजारच्या आत मिळतो. तो शर्टाच्या आत लपवू नका, कापडाला घासला की खरखर येते.

समोरचे संवाद कोण वाचतं? रेकॉर्ड करून लावत असाल तर ते आजपासून सोडा. यंत्राच्या वेळेनुसार थांबावं लागतं आणि ते थांबणं चेहऱ्यावर दिसतं. घरातलं, शेजारचं कुणीही चालेल. त्याने मोबाईलला चिकटून उभं राहायचं, डोळे भिंगाच्या उंचीला, आणि हळू आवाजात, अभिनय न करता वाचायचं. तो फोनच्या जवळ असल्यामुळे नेहमीच्या आवाजात वाचलं तर त्याचाच आवाज तुमच्यावर चढतो. तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघा, भिंगात नाही. तो भिंगापासून वीतभराच्या आत असला की तुमचे दोन्ही डोळे दिसतात. हातभर लांब गेला की एकच डोळा आणि गाल उरतो.

सुरुवातीला ओळख : नाव, वय, उंची, शहर, कोणत्या भाषा बोलता, मागितल्या असतील तर मोकळ्या तारखा. मग डावी बाजू, उजवी बाजू, हातांचे तळवे आणि पालथे हात. ही ओळखही ऑडिशनच असते. तिथे माणूस कसा आहे ते बघतात. ती पाठ केल्यासारखी घडाघडा म्हणू नका. एकूण वीस-पंचवीस सेकंद पुरेत. सूचनेत ओळख शेवटी मागितली असेल तर शेवटी द्या. सूचना न वाचता केलेली टेप चटकन ओळखू येते.

पाठवायचे टेक दोनच, आणि दुसरा खरोखर वेगळा असेल तरच. फाईलला नाव, भूमिका, टेक क्रमांक असं नाव द्या. व्हॉट्सॲपवर नुसता व्हिडिओ टाकला की तो दाबला जाऊन धूसर होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ड्राइव्हची लिंक देत असाल तर ती दुसऱ्या फोनवर उघडून बघा. ‘परवानगी मागा’ असं आलं तर कास्टिंगवाले परवानगी मागत बसत नाहीत, पुढची टेप बघतात.

एक वही करा : तारीख, भूमिका, कुणी मागवली, कोणती टेप दिली. तीस नोंदींनंतर बघा, तुम्हाला कोणत्या भूमिकांसाठी विचारतात. नायकाच्या टेप पाठवत असाल आणि बोलावणी सगळी इन्स्पेक्टर, मोठा भाऊ, ऑफिसातला सहकारी अशी असतील तर बाजार तुम्हाला काहीतरी सांगतोय. ते ऐका आणि त्या भूमिकांच्या दोन टेप आपणहून करून ठेवा. आठवण करून द्यायची ती दीड-दोन महिन्यांतून एकदा, आणि तीही नवं काही दाखवण्यासारखं असेल तेव्हाच.

प्रश्न : मुलीला फोन आला की वेब सीरिजसाठी तिची निवड झाली आहे. कलाकार कार्ड आणि पोर्टफोलिओ यांसाठी १८,००० रुपये आज संध्याकाळपर्यंत भरायचे आहेत. ऑडिशन झालीच नव्हती, फोटो मात्र तिने एका जाहिरातीला पाठवले होते. भरावे का?
— एक आई, हडपसर

उत्तर : नाही. एक रुपयाही भरू नका.

कास्टिंग डिरेक्टरला त्याच्या कामाचे पैसे निर्माता देतो. नटाकडून नोंदणी, कार्ड, कपडे, विमा, ‘परत मिळणारी अनामत’ अशा नावांनी पैसे मागणारा माणूस कास्टिंग करत नसतो. ऑडिशनला जायला कुठलंही कार्ड लागत नाही. सिंटा ही कलाकारांची संघटना आहे; तिचं सभासदत्व घ्यायचं असेल तेव्हा अर्ज थेट संघटनेकडे करायचा, कुणा मध्यस्थाकडे नाही. ‘आज संध्याकाळपर्यंत’ ही घाई यासाठी असते, की तुम्ही कुणाला विचारू नये. खातरजमा अशी करा : निर्मितीसंस्थेचं नाव मागा, तिच्या कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोधा आणि तिथे विचारा. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर फोन करणं ही खातरजमा नव्हे. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाईनला तासाभराच्या आत कळवा; जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत फुटत जातात.

कोऑर्डिनेटर हा वेगळा प्रकार आहे आणि तो खरा असतो. तो काम आणतो आणि मानधनातून ठरलेलं कमिशन घेतो, पण काम झाल्यावर आणि पैसे आल्यावर. आणि मुलीला सांगून ठेवा : ऑडिशन दिवसा, कार्यालयात किंवा स्टुडिओत होते. हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जायचं नाही, कारणही द्यायचं नाही.

प्रश्न : बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, वय ५३. शाळेत असताना नाटकांत कामं केली होती, पुढे संसारात राहून गेलं. जाहिरातींत आई-आजीच्या भूमिका बघते आणि वाटतं, आपणही करू शकू. या वयात फोटो काढून घेणं हास्यास्पद दिसेल का?
— वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : अजिबात नाही. विशीतल्या मुलींच्या फोटोंचा कास्टिंगच्या टेबलावर ढीग असतो. पन्नाशीतली, सहज बोलणारी, वेळेवर येणारी बाई शोधावी लागते. तुमचं वय हीच तुमची जागा आहे, म्हणून ते लपवू नका. केस पांढरे असतील तर रंगवू नका. अर्धवट रंगवलेल्या केसांची बाई ना आई दिसते, ना आजी. रंगवतच असाल तर तेही चालेल, पण फोटोत आणि प्रत्यक्षात एकच असू द्या.

महागडा पोर्टफोलिओ तुम्हाला नको. स्टुडिओत जाड मेकअप करून काढलेल्या फोटोंत माणूस ओळखू येत नाही आणि ऑडिशनला आलेली बाई वेगळीच निघते. गच्चीवर सकाळी साडेसात ते नऊ किंवा संध्याकाळी पाचनंतर, सावलीत उभं राहून, चांगल्या मोबाईलने सहा फोटो काढून घ्या. चेहऱ्याचे दोन, एक हसरा आणि एक शांत. कमरेपासून वर एक. पूर्ण उंचीचा एक, पावलं दिसली पाहिजेत. डावी आणि उजवी बाजू. फोनमधला ब्यूटी मोड बंद. काळा चष्मा नको. नेहमीचा चष्मा असेल तर एक फोटो त्यासह. पोशाख तीन : सुती साडी, कुर्ता आणि ऑफिसात घालत होतात तसा. बँकेतली अधिकारी, डॉक्टर, मुख्याध्यापिका या भूमिका त्या तिसऱ्या फोटोवरून सुचतात, आणि तो फोटो बायका हमखास विसरतात.

सोबत एका पानावर माहिती : उंची, दिसणारं वय एका टप्प्यात, म्हणजे ‘४८ ते ५८’, बोलता येणाऱ्या भाषा, राहण्याचं शहर, संपर्क. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांतली एखादी बोली माहेरची म्हणून येत असेल तर ठळक लिहा. पुण्यात ती गिळून टाकायची सवय लागते आणि तिथेच एक काम हातचं जातं. स्कूटर, पोहणं, शिलाई, गाणं यांतलं जे खरंच येतं तेवढंच लिहा. ‘स्कूटर येते’ असं लिहिलं तर सेटवर स्कूटर उभी असते.

जाहिरातीच्या ऑडिशनला अनेकदा संवाद नसतो. ‘नातवाचा फोन आलाय, आनंद झाला’ असा प्रसंग देतात. आनंद दाखवायला धावू नका. आधी फोन कुणाचा ते बघा, मग चेहऱ्यावर येऊ द्या. नंतर ‘कॉन्फ्लिक्ट आहे का?’ असं विचारतील, म्हणजे त्याच प्रकारच्या दुसऱ्या कंपनीची जाहिरात तुम्ही केली आहे का. खरं सांगा; ते उघड होतंच. मानधन ठरवताना तीन गोष्टी विचारा : जाहिरात कुठल्या माध्यमांत दिसणार, किती काळ, कोणत्या प्रदेशात. एका दिवसाच्या चित्रणाचे दहा हजार आणि तोच चेहरा कायमचा सगळीकडे, असा करार असेल तर त्या मालाच्या दुसऱ्या कंपन्यांची दारं तुमच्यासाठी बंद होतात. काळाची मर्यादा लिहून घ्या, एक वर्ष किंवा दोन.

प्रश्न : एफटीआयआयला न जाता चालेल का? खासगी क्लास कसा निवडावा?
— वाचक, चिंचवड

उत्तर : चालतं. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या या संस्थेतला पडद्यावरच्या अभिनयाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. पदवी लागते, प्रवेश परीक्षा असते आणि जागा थोड्या. प्रवेश मिळाला तर जरूर जा. नाटकाचं शिस्तशीर शिक्षण हवं असेल तर विद्यापीठातलं ललित कला केंद्र आहे.

खासगी क्लासला पैसे भरण्याआधी एकच नेमका प्रश्न विचारा : आठवड्यात प्रत्येक विद्यार्थी कॅमेऱ्यासमोर किती मिनिटं असतो आणि ते चित्रण त्याला बघायला मिळतं का? तीस जणांची बॅच आणि एक कॅमेरा असेल तर हिशेब तुम्हीच करा. ‘कामाची हमी’ असं जिथे लिहिलंय तिथे जाऊ नका. ती हमी कुणीही देऊ शकत नाही.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर फॉलोअर नसतील तर काम मिळत नाही, हे खरं का?
— वाचक, धायरी

उत्तर : काही जाहिरातींत आणि छोट्या वेब मालिकांत आकडा बघतात. चार ओळींच्या भूमिकेपासून मोठ्या भूमिकेपर्यंत बाकी बहुतेक ठिकाणी तुमचं पान उघडतात ते फक्त तुम्ही आज कसे दिसता हे बघायला. म्हणून पान उघडं ठेवा, वर खरं नाव आणि शहर लिहा, पहिल्या नऊ फोटोंत दोन साधे फोटो आणि एक-दोन मिनिटांची एक क्लिप असू द्या. क्लिपमध्ये सगळ्यात चांगला प्रसंग आधी, संगीताची जोड नको, आणि तुम्ही कोण हे पहिल्या पाच सेकंदांत कळू द्या. दोघांच्या प्रसंगात समोरचा नटच जास्त दिसत असेल तर काम त्याला मिळेल. फॉलोअर विकत घेऊ नका; लाखभर आकडा आणि फोटोला चाळीस लाइक, हे कुणालाही दिसतं.

प्रश्न : मराठी मालिकेत नायिकेच्या भावाची भूमिका मिळतेय. पर डे ३,००० रुपये, महिन्याला साधारण १५ दिवस. चित्रण ठाण्याला. सध्या पुण्यात ३८,००० पगार आहे. महिन्याला ४५,००० म्हणजे फायदाच ना? करार इंग्रजीत आहे, तीन दिवसांत सही मागतायत.
— वाचक, बिबवेवाडी

उत्तर : भूमिकेबद्दल अभिनंदन. आता हिशेब.

टीव्हीत बिल दिल्यापासून सुमारे ९० दिवसांनी पैसे येण्याची पद्धत रुळलेली आहे. जून महिन्याचं काम, ३० जूनला बिल, म्हणजे पैसे सप्टेंबरच्या अखेरीस. ४५,००० मधून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे ४,५००. कोऑर्डिनेटर मध्ये असेल आणि १५ टक्के ठरले असतील तर आणखी ६,७५०. हातात ३३,७५०. तोवर ठाण्यात राहणं-खाणं महिन्याला ३०,००० धरलं तर जून ते सप्टेंबर चार महिन्यांचे १,२०,००० आधीच गाठीशी हवेत. खोलीची अनामत वेगळी. या पैशांअभावी चांगली कामं मध्येच सुटतात. टीडीएस बुडत नाही, विवरणपत्र भरलं की देय करापेक्षा जास्त कापलेलं परत मिळतं, पण निर्मात्याने तो खरंच भरला का हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या करकपातीच्या नोंदीत दर तीन महिन्यांनी बघा.

दुसरं म्हणजे ‘साधारण १५ दिवस’ हे तोंडी आहे. कथेचा ट्रॅक दुसरीकडे वळला की भावाचे १५ दिवस ४ वर येतात. करारात महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे ते बघा. हमी नसेल तर निदान दुसरं काम करायची मुभा असली पाहिजे. हमीही नाही आणि दुसरीकडे काम करायचीही बंदी, असा करार जसाच्या तसा सही करू नका. हे बदलून मागता येतं, आणि बरेचदा बदलून मिळतं. मागितलंच नाही तर कसं मिळणार?

करारात आणखी या गोष्टी शोधा : शिफ्ट किती तासांची, १२ तासांच्या पुढे गेल्यास काय, पैसे किती दिवसांत, तुम्हाला काढायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, आणि तुम्हाला सोडायचं झालं तर किती. दोन्ही आकडे सारखे असावेत. मालिका संपल्यावरही बंधन किती महिने. कपडे आणि प्रवास कुणाचा. अलीकडे आवाज आणि चेहरा यंत्राने पुन्हा तयार करून वापरण्याचं कलमही येतं. ‘या मालिकेपुरतं आणि माझ्या लेखी संमतीने’ असे शब्द त्यात घालून घ्या. तीन दिवस वकिलाला दाखवायला पुरतात. दोन-तीन हजारांची फी इथे वाचवू नका.

नोकरीचा राजीनामा करारावर दोघांच्याही सह्या झाल्यावर द्या, आधी नाही. लूक टेस्ट आणि मॉक शूट झाल्यावरही चॅनेलने भूमिका बदलल्याचं घडतं. तोपर्यंत रजा वापरा. आणि पहिल्या दिवसापासून स्वतःची डायरी ठेवा : कॉल टाईम, पॅकअप, किती प्रसंग. महिन्याच्या शेवटी बिलावरून वाद झाला तर तीच वही कामी येते.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा. एका चित्रपटासाठी निवड झाली आहे, २० दिवसांचं काम, वाईला. शाळा, अभ्यास आणि पैसे यांबाबत नियम काय आहेत?
— पालक, कोथरूड

उत्तर : नियम आहेत आणि स्पष्ट आहेत. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, त्याखालचे नियम २०१७ चे. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रणासाठी घेताना निर्मात्याला ज्या जिल्ह्यात काम आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. वाईचं चित्रण म्हणजे सातारा जिल्हा. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. मानधनातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो आणि तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला काम करायला लावता येत नाही, हेही त्या नियमांत लिहिलेलं आहे.

प्रत्यक्षात बिघडतं ते पाच तासांच्या मोजणीत. मुलाला सकाळी सातला बोलावतात, मेकअप करतात आणि पहिला शॉट अकराला लागतो. दुपारपर्यंत मूल थकतं, झोपेला येतं, आणि मग ‘एकच टेक’ म्हणत संध्याकाळ होते. सहायक दिग्दर्शकाला आदल्या दिवशीच सांगा की मुलाचे प्रसंग आधी लावा आणि त्याला प्रसंगाच्या तासभर आधीच सेटवर आणू. घरचं खाणं, अंथरायला एक चादर, आवडीचं पुस्तक बरोबर ठेवा. संवाद घरी पाठ करून घेताना स्वर शिकवू नका, नुसते शब्द. तुम्ही शिकवलेला हेल मूल तसाच धरून बसतं आणि दिग्दर्शकाला तो सोडवता येत नाही. रडण्याच्या प्रसंगासाठी मुलाला घाबरवून किंवा खोटं सांगून रडवत असतील तर तिथेच थांबवा. पालक म्हणून तो तुमचा हक्क आहे.

शाळेकडे रजेचा अर्ज करताना निर्मितीसंस्थेचं पत्र जोडा आणि बुडणाऱ्या अभ्यासाची सोय कोण करणार हे त्यात लिहून घ्या. नियमांप्रमाणे शिक्षणात खंड पडणार नाही हे बघण्याची जबाबदारी निर्मात्याची आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत आधी हातात घ्या, मगच वाईच्या तारखा पक्क्या करा.